काडेपेटीएवढं चित्र

रणपिसे मॅडमनी मला न पाहताच ओळखलं होतं. श्रीगोंद्याला एस.टी. स्टँडसमोर खताच्या दुकानावर एक कॉम्प्युटर क्लास होता. तिथे मराठी टायपिंग शिकवायला मी बेलापूरहून रुजू झालो, तो शनिवार होता. जिना चढून गेलो, दाराबाहेर चपला काढल्या. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जाण्याची कुणाची छाती होत नसे. धुळीनं मशीन आजारी पडतं असं सगळे मानत. आत पडदे ओढलेले. भर दुपारी दोन वाजता खोलीत धान्याच्या बळदात असतो तसा अंधार. सात मशीन कापडाखाली झाकलेली होती, आठवं चालू होतं, आणि त्याच्यासमोर ताठ बसलेली एक पाठमोरी बाई. स्क्रीन चौदा इंची, पण चारी बाजूंनी काळा. मधोमध पोस्टकार्डाएवढं चित्र आणि त्या चित्रात दगडी भिंतींचं एक भुयार पुढेपुढे सरकत होतं.

"या कुलथे सर," मागे न वळता त्या म्हणाल्या. "उजवा पाय ओढता वाटतं. फोड आलाय का जुनं दुखणं?"

"जुनं," मी म्हणालो. अंगावर काटा आला होता, पण नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी काटा आल्याचं दाखवू नये एवढं मला कळत होतं.

"मग ठीक. जुन्या दुखण्याची सवय असते."

यात जादू काही नव्हती. क्लासचे मालक जगताप साहेब यांनी बेलापूरचे सर आज येणार म्हणून त्यांना सांगून ठेवलं होतं आणि अनवाणी पावलांवरून त्या सगळ्यांनाच ओळखत. कोण टाचेवर चालतं, कोण घसटत येतं, कोण उशीर झाल्यावर चवड्यावर चोरासारखं येतं, हे त्यांना पाठ होतं. मुलं म्हणत, मॅडमना पाठीला डोळे आहेत. काही जण तर त्याहून पुढे जाऊन, मॅडमच्या अंगात काहीतरी आहे, असं जिन्यात दबक्या आवाजात बोलत. मी शिकलासवरला माणूस, मी त्यांना रागवायचो. आणि मग एकटा खोलीत जायची वेळ आली की उगाच खोकून आत जायचो.

शनिवारी दुपारनंतर मुलांना गेम खेळायची मुभा होती. ते जगताप साहेबांचं गळाला लावलेलं आमिष. भुयारातला तो खेळ कुणीतरी पुण्याहून चार फ्लॉप्यांवर आणला होता. पण आमची मशीनं जुनी, त्यांना तो झेपत नसे. राक्षस समोर यायचा आणि चित्र जागीच थिजायचं. पुन्हा हलायचं तोवर राक्षसानं कार्यक्रम उरकलेला असायचा. मग मुलं ओरडायची, "मॅडम, लई अडकतंय!" मॅडम उठायच्या. आधी डबड्याच्या कुशीवर तळहात ठेवायच्या, ताप बघावा तसा. मग सेटिंगमध्ये शिरून जमिनीची नक्षी घालवायच्या, डिटेल कमी करायच्या, पार्श्वसंगीत बंद करायच्या, आणि शेवटी मायनसचं बटण दाबून चित्र एकेक पायरी लहान करत आणायच्या. प्रत्येक पायरीला थांबून विचारायच्या, "आता?" कुठल्यातरी पायरीवर भुयार पाण्यासारखं वाहायला लागायचं.

"मशीनला आधी विचारायचं, बाबा, तुझ्यानं किती होतंय," त्या मुलांना सांगत. "आणि तेवढंच मागायचं." एखादा हिरमुसून म्हणायचा की मॅडम, एवढंसंच दिसतंय. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "चित्र लहान झालं म्हणून भुयार लहान होत नाही. जे दिसत नाही ते तिथंच आहे. ते लक्षात ठेवून चालायचं."

त्या कर्जत तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या. वडील एस.टी.त होते, ते गेले. नगरला डिप्लोमा करून त्या श्रीगोंद्याला आल्या आणि घरी पैसे पाठवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. लग्नाचं विचारलं की म्हणत, "आमच्याकडं बघायला येणाऱ्यांनी बघावं, मला कुठं वेळ आहे बघायला." बोलणं असं तिरकं, पण मनात खोट नाही. दसऱ्याला जगताप साहेबांनी आठही मशीनची पूजा केली आणि हौसेनं थेट कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं. पुढचे चार दिवस मॅडम ब्रश घेऊन एकेक बटण उचकटून साफ करत होत्या. "साहेब, पुढच्या वर्षी मशीनला कुंकू नको, पंखा द्या," एवढंच म्हणाल्या.

रागावलेलं मी त्यांना एकदाच पाहिलं. झाडलोट करणाऱ्या मावशींनी एक स्टूल वाटेत ठेवलं होतं. मॅडम त्यावर आदळल्या, नडगी सोलून निघाली. "जागच्या वस्तू हलवायच्या न्हाईत, किती वेळा सांगायचं!" त्या अशा कडाडल्या की मावशी रडायलाच लागल्या. लख्ख उजेडात, खोलीच्या मधोमध ठेवलेलं लाल स्टूल होतं ते.

नंतर क्लासमध्ये एक नवं, ताकदवान मशीन आलं. साउंड कार्डाचं, दोन बाजूंना दोन स्पीकर असलेलं. त्यावर तो खेळ पूर्ण पडद्यावर लोण्यासारखा चालायचा. मुलं गेल्यावर मॅडम त्यावर बसू लागल्या आणि तरीही चित्र लहानच ठेवत. आता तर पत्त्याच्या पानाएवढं. मी म्हणालो, "मॅडम, याला तर पूर्ण पडदा झेपतो की."

"याला झेपतो," त्या म्हणाल्या.

मग हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी सगळं सांगितलं, कुणाचा तरी हिशेब समजावून द्यावा इतक्या शांतपणे. त्यांच्या घरात डोळ्यांचा आजार होता. आधी रात्रीचं दिसायचं बंद होतं, मग बाजूचं, मग मधलं तेवढं उरतं, नळीतून पाहावं तसं, आणि ती नळी बारीक होत जाते. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध नाही. मॅडमचं बाजूचं कधीच गेलं होतं. हा खेळ त्या खेळत नव्हत्या, अक्षर घटवावं तसा घटवत होत्या. आपल्याला जेवढं दिसतं त्याच्याही एक पायरी खाली चित्र आणायचं आणि तेवढ्यावर, दोन कानांच्या आधारानं, भुयार पार करायचं. अंधार यायच्या आत अंधारात चालता आलं पाहिजे.

"एवढी घाई कशाला?" मी म्हणालो.

"दादामुळं." थोरल्या भावाचं बोलायचं झालं की त्यांची भाषा बदलायची. "दादा आमचा सायकलवर कारखान्याला जायचा. त्याला दिसंना झालं ते समद्यांना दिसत हुतं. आई ताट हातात द्यायची. वैनी दारातली घागर गुमान उचलायची. पण त्याला कुनी बोललं न्हाई. त्यो आपला 'दिसतंय मला, दिसतंय' म्हनत ऱ्हायला. अन् एक दिवस उसाच्या ट्रॉलीत घुसला. लोक म्हनले पेला असंल. त्यो कधी शिवला न्हाई दारूला. वाचला, पर तवापासून भिताडाला टेकून खाटेवर बसलाय. सात वर्सं झाली. वैनी म्हायेरी गेली."

मग त्या पुन्हा मॅडमच्या भाषेत आल्या. "मला खाटेवर बसायचं नाही, सर. म्हणून तुमच्याकडं एक काम आहे. शनिवारी माझ्याशेजारी बसायचं. मी सांगेन तेव्हा तुम्ही मायनस दाबायचं. प्लस दाबायचं नाही, मी रडले तरी नाही. आणि ज्या दिवशी मला दिसेनासं होईल, त्या दिवशी मला सांगायचं. मला कळणार नाही. आमच्यात कळत नाही."

"मीच का?"

"तुम्ही माझे कुणी नाही म्हणून. आपल्या माणसाची जीभ वळत नाही."

मी हो म्हणालो. इतक्या सहज म्हणालो याची आज लाज वाटते.

त्यानंतरचे शनिवार मी जन्मात विसरणार नाही. पडदे ओढलेली खोली, खालून चढणारा खताचा उग्र वास, आणि अंधारात डावीकडून उजवीकडे जाणारी दगडावरची पावलं. मॅडम कान किंचित वाकडा करून बसायच्या. दार सरकल्याचा आवाज डाव्या स्पीकरात आला की डावीकडे वळायच्या, राक्षसाचा घुरघुराट उजवीकडून आला की गर्रकन फिरून गोळी घालायच्या. माझं काम मायनस. पत्त्याच्या पानावरून आम्ही काडेपेटीवर आलो. पुढच्या पायरीला दर वेळी त्या ओठ घट्ट मिटायच्या आणि मग म्हणायच्या, "दाबा."

एका शनिवारी खेळता खेळता त्यांनी विचारलं, "दुसऱ्या दारापाशी ती बाई कोण उभी असते हो?"

मी त्या काडेपेटीत डोकं घातलं. भिंत होती, मशाल होती, बंद दार होतं. "बाई? इथं बाई कुठंय?"

"हिरवं लुगडं. पाठमोरी. मी वळले की तीही वळते, तोंड काही दाखवत नाही."

त्या खेळात राक्षस होते, सांगाडे होते, पण लुगडं नेसलेली बाई असायचं काही कारणच नव्हतं. मी तसं सांगितलं. "असेल," त्या म्हणाल्या. "मशीन थकलं की काहीबाही दाखवतं." मशीन तर नवंकोरं होतं. मी पंख्याचा वेग उगाच कमी केला, अंगावरची लव वाऱ्यानंच उभी राहिलीय असं वाटावं म्हणून. आणि दिसणार तरी कुणाला होती?

पुढच्या शनिवारी त्या फार दमलेल्या वाटल्या. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. वाटलं, एक दिवस. एकच दिवस या बाईला मोकळं दिसू दे. मी प्लस दाबलं. चित्र पत्त्याच्या पानाएवढं झालं. पुन्हा दाबलं. पोस्टकार्ड. पुन्हा, पुन्हा, शेवटपर्यंत. चौदा इंची पडदा काठोकाठ भरला, मशालींचा पिवळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर नाचायला लागला. आणि मॅडम तशाच खेळत होत्या. मान तशीच, कान तसाच, डोळे त्या मधल्या काडेपेटीच्या जागेवर रोखलेले. भुयार पार झालं. त्या हसल्या.

"आज लई स्वच्छ दिसलं बघा," त्या म्हणाल्या. "केवढं होतं चित्र?"

हीच ती वेळ, हे मला पुरतं कळत होतं. "नेहमीएवढंच," मी म्हणालो.

रविवारी मी बेलापूरला गेलो, जेवणात लक्ष नव्हतं. सोमवारी सांगू म्हटलं, सोमवारी त्यांची परीक्षेची बॅच होती. मंगळवारी त्यांनी डबा उघडून शेंगाची चटणी पुढे केली, कशी बोलणार ती गोष्ट? त्या फळ्यावर लिहीत होत्या, ओळी सरळ येत होत्या. मुलांची नावं घेत होत्या. मी स्वतःला सांगत होतो, थोडं दिसत असेल. भावाच्या घरातली सगळी माणसं सात वर्षांपूर्वी स्वतःला हेच सांगत असणार, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी तेच केलं.

गुरुवारी संध्याकाळी क्लास सुटला. साखर कारखान्याचा सीझन जोरात होता. मॅडम पुढे उतरल्या, मी कुलूप लावून मागून निघालो. स्टँडसमोरच्या रस्त्याला तिथे उतार आहे आणि डिझेल वाचवायला ट्रॅक्टरवाले त्या उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. जिन्याच्या मधल्या पायरीवरून मला दिसलं : दोन ट्रॉल्या गच्च ऊस भरलेला ट्रॅक्टर, इंजिनाचा आवाज नाही, गाण्याची टेपही बंद, नुसता सळसळत खाली येतोय. आणि मॅडमचा पाय रस्त्यावर पडायला उचललेला. मी ओरडायला तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. खरंच फुटला नाही.

मॅडम थांबल्या. पाय तसाच अधांतरी, मग मागे. उसाचे लोंबते शेंडे त्यांच्या पदराला घासून गेले.

मी धावत पोचलो. "का थांबलात? ऐकू आला?"

"काय ऐकू आलं?" त्यांनी वास घेतला, उसाचा. चेहरा हळूहळू पांढरा पडला. "ती हिरव्या लुगड्यातली आडवी उभी होती ना, म्हणून थांबले. तिला ओलांडून कसं जायचं?"

रस्त्यावर कोणी नव्हतं. दोन मोळ्या ऊस तेवढा पडला होता.

खताच्या दुकानाच्या पायरीवर बसवून मी त्यांना सांगितलं. शनिवारचं सगळं, प्लसचंही. त्या रडल्या नाहीत.

"पूर्ण पडदा केला होता?"

"पूर्ण."

"कसं होतं हो भुयार? सांगा ना."

मी सांगितलं. छताला नक्षी होती, दगडांवर शेवाळ होतं, मशालीच्या वर भिंत काळी पडलेली होती. मला काही रंगवून सांगता येत नाही, पण त्या दिवशी जेवढं आठवलं तेवढं सगळं सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मिटायची गरज नव्हती तरी.

"म्हणजे शनिवारपासून मी तिच्याच मागं चालतेय," त्या शेवटी म्हणाल्या. मग माझ्याकडे तोंड करून, "तुम्ही शनिवारीच सांगायला पाहिजे होतं, सर. आपलं ठरलं होतं."

"चुकलो."

"दादाच्या घरचेही हेच म्हणतात." एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला, आणि पहिल्यांदाच माझ्या कोपराला धरून रस्ता ओलांडला.

नगरच्या डॉक्टरांनी नंतर त्यांना समजावलं की नजर जाते तेव्हा मेंदू पडदा कोरा ठेवत नाही, स्वतःच चित्रं रंगवतो; बऱ्याच जणांना अशी माणसं दिसतात. मला ते पटलं. दिवसा पटतं.

सोमवारी मॅडमनी वर्गात स्वतःच सांगितलं. "मला आजपासून दिसत नाही. स्टूल हलवायचं नाही आणि हात वर करून उपयोग नाही, बोलायचं." पण त्यांनी बॅच शेवटपर्यंत शिकवली. मुलाची बोटं चुकीच्या बटणावर पडली तर आवाजावरून सांगत. परीक्षा झाल्यावर जगताप साहेब म्हणाले, "पुढचं पुढं बघू." त्यात काय बघायचं ते सगळ्यांना कळलं. मी कर्जतच्या गाडीत त्यांना बसवून दिलं. पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेल्या बाई, एवढंच मला दिसत राहिलं, आणि मला फार अपराधी वाटलं. सात वर्षांच्या खाटेशेजारी दुसरी खाट पडणार, असंच मी धरून चाललो होतो.

दीड वर्षानं कर्जतला एका लग्नाला गेलो, तेव्हा त्यांच्या वस्तीवर गेलो. पोचायला दिवस मावळला. दार उघडं, आत दिवा नाही. भिंतीवर निळ्या चौकटीतला एक फोटो तेवढा अंधुक दिसत होता. मी उंबऱ्याबाहेर थबकलो.

"कुलथे सर! या, या. आज लई दमलाय जनू," आतून आवाज आला.

मी आत गेलो, चाचपडत एका पोत्यावर बसलो. अंधार भरत गेला. आणि त्या अंधारात दोन माणसं सहज इकडून तिकडे फिरत होती. विळीवर भाजी चिरल्याचा आवाज, स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, कपबश्यांचा आवाज. माझ्या तोंडासमोरून कुणीतरी गेलं, नुसती हवा हलली.

"जय भीम, सर," एक जाड पुरुषी आवाज अगदी कानाशी म्हणाला. मी दचकलो.

"जय भीम," मी म्हणालो. माझ्या हातात गरम कप आला, एक थेंबही न सांडता. मी मात्र पहिल्याच घोटाला अर्धा सदऱ्यावर सांडला.

"ह्यो दादा. आई गावात गेलीया," मॅडमचा आवाज आला. "पयल्या म्हैन्यात खाट ते दार. मग दार ते नळ. आता गिरणीवरून दळण आनतो. लई शिव्या दिल्या मला त्यानं."

"आजून देतो," दादा म्हणाला, आणि दोघं हसली. हसणारी तोंडं मला दिसत नव्हती. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. त्या घरात डोळस असा मी एकटाच होतो आणि मलाच काही दिसत नव्हतं.

"बल्ब हाय कुठंतरी," मॅडम म्हणाल्या. "पर चालू हाय का न्हाई, ते तुमालाच बघावं लागंल."

मी नको म्हणालो. शेवटच्या गाडीची वेळ झाली होती. मी उठलो आणि दार कुठल्या बाजूला ते मला कळेना. दोन पावलं टाकली, भिंत लागली. तेवढ्यात एका खरखरीत हातानं माझा दंड धरला. सात वर्षं खाटेवर काढलेल्या माणसाचा हात, पण पकड एकदम भक्कम. त्यानं मला वळवलं, चार पावलं चालवलं आणि थांबवलं.

"उंबरा हाय, सर," तो म्हणाला. "पाय उचला."